शेवटच्या कडव्यातलं नाव

अकोल्याहून वाशिमकडे निघालं की पातूर सोडल्यावर घाट लागतो. घाट चढून आलं की मालेगावच्या आधी आमचं मेडशी. रस्त्याला लागूनच माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, आधारकार्ड, पीकविम्याचे कागद, शाळेचे दाखले, यांच्या प्रती दिवसभर निघत असतात. मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे आणि त्यात भजनाच्या वह्या आहेत. काही मेडशीच्याच, काही आसपासच्या खेड्यांतल्या मंडळांनी दिलेल्या. कुणाच्या वहीला वाळवी लागली, कुणाची पावसात भिजली, कुणी म्हातारं माणूस गेल्यावर घरच्यांनी रद्दीत टाकायच्या आधी माझ्याकडे आणून दिली. या वह्यांची पानं मी स्कॅन करतो आणि एका लहानशा संकेतस्थळावर ठेवतो. मंडळातली पोरं मोबाइलवर पाहून म्हणतात.

तीन वर्षांपूर्वी, सोयाबीन काढणीच्या दिवसांत, सत्तरीचे एक बाबा दुकानात आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत धोतराच्या फडक्यात बांधलेली वही. गर्दी ओसरेपर्यंत बाकावर बसून राहिले. मग म्हणाले, "भाऊ, नातवानं मोबाइलवर दाखवलं. हे भजन माह्या बाबाचं आहे. तुमी खाली दुसऱ्याचं नाव काहून लावलं?"

मी म्हणालो, "बाबा, आत्ताच काढून टाकतो."

"काढू नका," ते म्हणाले. "नाव लावा."

कॉपीराइटची तक्रार आली की मजकूर उतरवायचा, एवढंच तोवर मला ठाऊक होतं. या माणसाला मजकूर उतरवायचा नव्हता, पैसेही नको होते. त्या दिवसापासून मी शोधत राहिलो, की आपल्याकडे शब्दांच्या चोरीची तक्रार पूर्वी कोण करायचं, कुणापुढे करायचं आणि तिचं पुढे काय व्हायचं. जे हाती लागलं ते लिहितो आहे.

शोधाची सुरुवात आमच्या जिल्ह्याच्या गावीच होते, याचा मला फार आनंद झाला. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इथंच १९३९ साली दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला आणि ही शाखा इतिहासाला नीट कळली. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला कनोजच्या दरबारात राजशेखर नावाचा पंडित होता. घराणं यायावर, त्याचा पणजा अकालजलद हा महाराष्ट्राचं भूषण मानला जाई. राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाची गोष्ट आहे. सरस्वतीचा हा मुलगा रुसून निघतो, गौरीनं निर्माण केलेली साहित्यविद्या त्याच्या मागे देशोदेशी फिरते आणि शेवटी विदर्भात, वत्सगुल्म नगरात, दोघांचं लग्न लागतं. काव्याचं लग्न जिथं लागलं असं हा ग्रंथ सांगतो, ते गाव आमच्याकडून एसटीच्या एका फेरीवर आहे.

त्याच ग्रंथात पुढे राजशेखरानं शब्दांच्या चोरीवर तीन अध्याय लिहिले आहेत. त्याचा शब्द 'हरण'. पद उचललं, चरण उचलला, अर्धा श्लोक उचलला, वृत्त उचललं, अख्खा प्रबंध उचलला, असे शब्दहरणाचे प्रकार तो पाडतो. मग अर्थहरण. दुसऱ्याच्या कल्पनेचं नुसतं प्रतिबिंब दाखवणारी रचना त्याला त्याज्य वाटते. मूळ चित्रावर थोडे संस्कार करून वेगळं भासवलेलं, देह वेगळा पण साम्य असलेलं, आणि परक्या नगरात शिरावं तसं मूळ विषयात शिरून सगळी मांडणी नवी केलेलं, या पुढच्या तीन प्रकारांना तो चढत्या क्रमानं जागा देतो. आजच्या न्यायालयात 'कल्पना कुणाचीही, मांडणी ज्याची त्याची' यावर जो वाद चालतो, त्याचं इतकं बारीक वर्गीकरण अकराशे वर्षांपूर्वी झालं होतं. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेतलं पहिलं पुस्तक म्हणून १९१६ साली छापून निघाला.

त्यातलं एक मत मला त्या बाबांमुळे जास्त लागलं. इतर चोऱ्या काळ लोटला की पुसल्या जातात, शब्दांच्या चोरीचा डाग मात्र मुला-नातवंडांपर्यंत उरतो, असं जाणत्यांचं मत राजशेखर नोंदवतो. लगेच पुढे तो पत्नी अवंतिसुंदरीचं वेगळं मत देतो. ती स्वतः विदुषी. दुसऱ्याचं घेणारा कवी आपल्या मनाशी कोणकोणती कारणं सांगतो, तो अप्रसिद्ध आहे, मी प्रसिद्ध आहे, त्याचं कुणी वाचत नाही, याची तिनं यादीच दिली आहे. ही यादी मी दुकानात बसून वाचली तेव्हा मला माझे जुने दिवस आठवले. त्याबद्दल पुढे सांगतो.

वत्सगुल्माचा राजा सर्वसेन यानं 'हरिविजय' नावाचं प्राकृत काव्य रचलं होतं. ते काव्य आज नाही. आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोका'त त्याचं नाव कवीच्या नावासह घेतलं, भोजासारख्यांनी त्यातली पद्यं उदाहरणांसाठी घेतली, म्हणून ते होतं एवढं तरी आपल्याला कळतं. या लोकांनीही सर्वसेनाचं घेतलंच होतं. पण एकानं त्याचं नाव ठेवलं, आणि त्या नावामुळे बाकीच्यांची उदाहरणं त्याच्या खात्यावर जमा करता आली.

हस्तलिखितांच्या काळात प्रत करणं हा गुन्हा नव्हता, ते पुण्य होतं. आमच्या जिल्ह्यातल्या कारंज्याच्या जैन भांडारांमध्ये जे ग्रंथ टिकले ते शास्त्रदान म्हणून उतरवून दिलेले होते. कुणी पैसे दिले, कुणासाठी उतरवलं, कोणत्या गावी, कोणत्या शकात, उतरवणारा कोण, हे शेवटच्या पानावर लिहिलेलं असे. प्रत करणाऱ्यानं आपलं नाव आपल्या जागी लिहायचं आणि कर्त्याचं नाव त्याच्या जागी राहू द्यायचं, असा तो रिवाज. मी तीस वर्षं प्रती काढतो आहे. कर्त्याचं नाव आणि प्रत काढणाऱ्याचं नाव एकाच पानावर इतक्या मानानं मला दुसरीकडे दिसलं नाही.

प्रत करताना मजकूर बिघडे, लोक आपल्या ओव्या घुसडत. याची मराठीतली मोठी तक्रार एकनाथ महाराजांची. शके १५०६, म्हणजे १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला आणि शेवटी बजावलं, की यात जो आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील. नाथांनी ही ताकीद कुठल्या दरबारात दिली नाही, ग्रंथातच लिहून ठेवली. म्हणजे प्रत जिथं जाईल तिथं तक्रारही बरोबर जाईल.

आणि तुकाराम महाराजांची तक्रार तर सर्वांना माहीत आहे. सालोमालो म्हणून कुणी तुकोबांचे अभंग घेऊन 'तुका म्हणे'च्या जागी आपलं नाव घालून म्हणू लागला. तुकोबांनी त्यावर अभंगच केले. ते गाथेत आहेत. १९३६ च्या प्रभातच्या 'संत तुकाराम' बोलपटानं सालोमालो घराघरांत पोचवला. अभंग कुणी गाऊ नये, असं तुकोबांचं म्हणणं नव्हतं. ते गाण्यासाठीच होते. ज्यानं गायला त्यानं स्वतःला कर्ता म्हणवू नये, एवढंच म्हणणं. ज्याला आपण नाममुद्रा म्हणतो, ती शेवटच्या कडव्यातली दोन-चार अक्षरं हा मराठी कवीचा सहीशिक्का. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं आमच्याकडे खंजिरीवर म्हणतात. 'तुकड्यादास' आलं की मंडळातला सगळ्यात धाकटा पोरगाही मान लववतो. वामनदादा कर्डकांची गाणी वऱ्हाडातल्या वस्तीवस्तीत गायली गेली. त्यातल्या कितीतरी गाण्यांत 'वामन' हे नाव आहे, म्हणून ती वामनदादांची हे न वाचणाऱ्यालाही कळतं.

उलट दिशेचाही प्रकार आपल्याकडे फार. आपली रचना थोराच्या नावावर करून द्यायची. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामाच्या रचना मिसळल्या, आणि वेगळ्या करताना अभ्यासकांच्या पिढ्या खपल्या. भक्तीपोटी असो की गल्लतीनं, कर्त्याचं नाव जातं ते जातंच.

छापखाना आला आणि तक्रारीचा विषय बदलला. कंपनी सरकारनं १८४७ साली कॉपीराइटचा कायदा केला. कर्त्याच्या हयातीत आणि पुढे सात वर्षं, किंवा बेचाळीस वर्षं, यांपैकी जी मुदत मोठी तेवढा हक्क. १८६७ च्या कायद्यानं प्रत्येक पुस्तकावर छापणाऱ्याचं नाव आणि ठिकाण घालणं, सरकारला प्रती देणं सक्तीचं झालं. वऱ्हाड तेव्हा निजामाचं, १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली. ब्रिटिश हिंदुस्थानातले कायदे इथं आपोआप चालत नसत, अधिसूचना काढून लावावे लागत. १९१४ च्या कायद्यानं मुदत मृत्यूनंतर पन्नास वर्षं केली, पण भाषांतराचा एकट्याचा हक्क दहाच वर्षं ठेवला; त्या मुदतीत मूळ लेखकानं भाषांतर छापलं नाही तर वाट मोकळी. १९२३ साली मुंबईच्या के. अँड जे. कूपर आणि मॅकमिलन यांच्यातला शालेय पुस्तकाचा तंटा प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. जुन्या ग्रंथातले उतारे नुसते निवडून जोडले म्हणून त्यावर हक्क बसत नाही, स्वतः लिहिलेल्या टिपांवर बसतो, असं तिथं ठरलं. या सगळ्यात तक्रार करणारा बहुतेक वेळा प्रकाशक. विचारणा एकच, माझा खप किती बुडाला.

स्वातंत्र्यानंतरचा कायदा १९५७ चा, अमलात आला २१ जानेवारी १९५८ ला. १९९२ साली मुदत पन्नासाची साठ वर्षं झाली, कारण रवींद्रनाथ १९४१ साली गेले होते आणि त्यांचं साहित्य खुलं होण्याची वेळ आली होती. हा हिशेब आता माझ्या बोटांवर आहे. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांचं. तुकडोजी महाराज १९६८ साली गेले, त्यांच्या रचनांवरचा हक्क २०२८ च्या अखेरपर्यंत.

आता माझे जुने दिवस. झेरॉक्सच्या आधी याच जागेत माझं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. डबल डेकची मशीन, अकोल्याहून आणलेल्या कोऱ्या कॅसेटी. गिऱ्हाईक वहीच्या कागदावर गाण्यांची यादी आणायचं, मी साठ मिनिटांची किंवा नव्वद मिनिटांची कॅसेट भरून द्यायचो. पुढे सीडी आली, मग मोबाइलचं मेमरी कार्ड भरून देणं आलं. १९८४ च्या दुरुस्तीनं अशा नकलेला किमान सहा महिन्यांची शिक्षा ठेवली होती, आणि कॅसेटवर हक्कदाराचं नाव, पत्ता, साल छापणं सक्तीचं केलं होतं. मला ते कळायला उशीर झाला. कळल्यावरही काही काळ मी तेच करत राहिलो, आणि ते चुकलंच. पैसे बुडवले हे तर आहेच. जास्त टोचतं ते हे, की भरलेल्या कॅसेटवर मी फक्त गायकाचं नाव लिहीत होतो. गाणं लिहिणाऱ्याचं नाव मी हजारो वेळा गाळलं. माझ्याकडे येणाऱ्या मूळ कॅसेटींवरही अनेकदा ते नसायचं, म्हणून मी कधी शोधलंही नाही. अवंतिसुंदरीच्या यादीतली कारणं मी रोज वापरत होतो.

संकेतस्थळं आली तसा तक्रार ऐकणारा तिसराच कुणी झाला. अमेरिकेनं १९९८ साली कायदा केला, की ज्याच्या जागेवर लोक मजकूर चढवतात त्यानं तक्रार येताच तो उतरवला तर त्याच्यावर जबाबदारी नाही. मोठी संकेतस्थळं तिकडची, म्हणून मेडशीच्या भजनावरची तक्रारही त्या रीतीनं चालते. आपल्याकडे २०१२ ची दुरुस्ती आणि २०१३ चे नियम आले. तक्रार लेखी हवी. कृती कोणती, हक्क आपला कसा, नक्कल कुठे आहे, हे सांगायला हवं, आणि न्यायालयात जाण्याची हमी द्यायला हवी. मग मध्यस्थानं छत्तीस तासांत तो मजकूर लोकांपासून दूर ठेवायचा. एकवीस दिवसांत तक्रारदारानं न्यायालयाचा हुकूम आणला नाही तर तो परत खुला करता येतो. ही मुदत मला फार शहाणपणाची वाटते. तक्रारदाराचं म्हणणं लगेच ऐकलं जातं आणि खोट्या तक्रारीनं मजकूर कायमचा मरतही नाही. बिनबुडाची धमकी देणाऱ्याविरुद्ध दाद मागायला कलम ६० वेगळं आहेच.

मोठ्या ठिकाणी आता पहिली तक्रार माणूस करतही नाही, यंत्र करतं. आमच्या मंडळानं कार्तिकी एकादशीला म्हटलेला तुकोबांचा अभंग मी एका व्हिडिओ संकेतस्थळावर चढवला. दुसऱ्याच दिवशी एका संगीत कंपनीचा दावा आला, की हे ध्वनिमुद्रण आमचं. आवाज आमच्या बुवांचा, मृदंग आमच्या गावचा, शब्द सतराव्या शतकातले; चाल परंपरेची, तीच त्यांनीही वापरलेली. मी हरकत नोंदवली, तीन ओळींत कारणं लिहिली. महिनाभर कुणी उत्तर दिलं नाही आणि दावा आपोआप पडला. मंडळातल्या पोरांनी तो महिना भीतीत काढला. पोलीस येतील का, असं एकानं मला विचारलं. धार्मिक कार्यात भजन म्हणायला कायद्यानं मोकळीक आहे, हे त्याला सांगितलं तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. पण कुणाची हक्काची रचना छापणं किंवा संकेतस्थळावर लिहून ठेवणं त्या मोकळिकीत येत नाही, हेही सांगितलं.

यंत्राला आवाज ओळखता येतो. शेवटच्या कडव्यातलं नाव बदललं आहे हे त्याला कळत नाही, आणि ती तक्रार करायला त्या दाव्याच्या चौकटीत रकानाच नाही. कायद्यात मात्र आहे. कलम ५७ म्हणतं, की हक्क विकला तरी कृतीवर आपलं नाव सांगण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. २०१२ पर्यंत कर्ता गेल्यावर त्याच्या वारसांना विपर्यासाविरुद्ध बोलता येई, पण नावासाठी दावा सांगता येत नसे. त्या वर्षीच्या दुरुस्तीनं ती अट काढली. २१ जून २०१२ पासून मुलगा बापाच्या नावासाठी उभा राहू शकतो. फडक्यात वही बांधून आलेल्या त्या बाबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

त्यांच्या तक्रारीचं काय झालं ते सांगतो. माझं संकेतस्थळ लहान, पानं मीच चढवतो, म्हणून मध्यस्थाचा आडोसा मला नाही. तरी छत्तीस तासांची मुदत मी पाळायची ठरवली. भजन तसंच ठेवलं, नाव तेवढं झाकलं आणि 'कर्त्याबद्दल विचारणा सुरू आहे' असं लिहिलं. मग दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. माझ्या कपाटातली वही नंतरची, बॉलपेनची. बाबांची वही दौत-टाकाची, पहिल्या पानावर १९६१ साल. शेवटच्या कडव्यात माझ्या वहीतलं नाव बाबांच्या वडिलांच्या नावापेक्षा दोन अक्षरांनी मोठं होतं. बाबांना म्हटलं, म्हणून दाखवा. त्यांनी टेबलावर बोटांनी ठेका धरून दोन्ही नावांनी म्हटलं. मोठ्या नावापाशी ठेका मोडला, वडिलांच्या नावाला तो बरोबर बसला. दुकानात प्रती काढायला आलेली दोन माणसं ऐकत उभी होती. त्यांनीही मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी ज्यांचं नाव होतं त्या बुवांच्या घरी गेलो. बुवा कधीच गेलेले. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "आमच्या बुवांनी कधी भजन लिवलं नाही. ते म्हणत फकस्त. मंडळवाल्यांनी मानानं लावलं असन नाव." त्यांना मुळीच राग आला नाही. चहा केला.

संध्याकाळी नाव बदललं. खाली बाबांच्या वडिलांचं नाव, गाव, १९६१ साल, आणि कुणाच्या वहीवरून घेतलं तेही. वडील १९७४ साली गेले, म्हणून हक्क २०३४ च्या अखेरपर्यंत घरच्यांचा. साध्या कागदावर बाबांची परवानगी लिहून घेतली, त्यांनी सही केली. बुवांचं नाव काढून टाकलं नाही. 'हे भजन अनेक वर्षं म्हणणारे' म्हणून दुसऱ्या ओळीत ठेवलं.

कपाटाच्या दाराला आतून मी एक कागद चिकटवला आहे. तारीख, वेळ, कोण आलं, कोणतं पान, पुरावा काय, निर्णय काय. आजवर त्यावर नऊ तक्रारी आहेत. सहा नावाच्या आहेत.

तुमच्या घरी भजनाची, पोवाड्याची, भीमगीतांची वही असेल तर तिचं पहिलं आणि शेवटचं पान आधी जपा. नाव, गाव आणि साल तिथंच असतं. मोबाइलवर गाणं पुढे पाठवताना शेवटचं कडवं तोडू नका. आणि मी चढवलेल्या पानावर तुमच्या माणसाचं नाव चुकलं असेल तर मेडशीला या. दुकान रस्त्यालाच आहे, सकाळी नऊपासून उघडं असतं. वहीच्या प्रतीचे पैसे मी घेत नाही.